जात की खाद्य? माशांच्या वाढीची तुलना न चुकता कशी करावी

नवी जात आली, तिच्यासोबत नवं खाद्यही सुरू झालं आणि मासे भराभर वाढले. मग अहवालात लिहिलं जातं, 'सुधारित जातीमुळे वाढ दीडपट'. वाढ जातीमुळे झाली की खाद्यामुळे, हे त्या चाचणीतून कळणं शक्यच नव्हतं, कारण दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. ही चूक विद्यार्थी करतात, मत्स्यबीज केंद्रं करतात आणि खाद्य विकणारेही करतात. पुढची पिढी मग त्याच आकड्यांवर निर्णय घेते, म्हणून याकडे काणाडोळा करता येत नाही.

मुळात जनुक आणि खाद्य यांचे परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. वाढ-संप्रेरकाचं जादा जनुक घातलेल्या कोहो साल्मनना साध्या माशांइतकंच मोजून खाऊ घातलं, तेव्हा त्यांची वाढही जवळपास साध्या माशांएवढीच झाली. दुसऱ्या एका प्रयोगात, टाकीत भरपूर खाद्यावर वाढलेली अशी पिल्लं साध्या पिल्लांच्या जवळजवळ तिप्पट लांब झाली. नैसर्गिक ओढ्यासारख्या परिस्थितीत वाढवलेल्या पिल्लांत मात्र हा फरक फक्त २० टक्क्यांच्या आसपास राहिला. जनुक तेच होतं, ताट बदललं होतं. म्हणून जात आणि खाद्य या दोन्हींची चाचणी एकत्र, पण वेगळी ओळखता येईल अशीच आखावी लागते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

## सुरुवातीपूर्वी: परवानगी आणि बंदिस्त जागा

जनुक-संशोधित मासे वापरणार असाल तर कायदेशीर परवानगी हातात येईपर्यंत एकही अंडं आणू नका. टाक्या जमिनीवर आणि बंदिस्त हव्यात. बाहेर जाणाऱ्या पाण्यावर एकापेक्षा जास्त जाळ्या हव्यात आणि त्यांची भोकं सर्वांत लहान पिल्लाहून बारीक हवीत. मासे वांझ आहेत म्हणून जाळीत ढिलाई करू नये, कारण वांझपण शंभर टक्के माशांत साधलं आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही.

## पायरी १: तुलना नेमकी कशाची, ते कागदावर लिहा

'सुधारित' या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी खपतात. त्या आधी वेगळ्या करा.

निवड पैदास म्हणजे पिढीगणिक चांगले वाढणारे मासे निवडून त्यांचीच पैदास करणं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून आलेला गिफ्ट तिलापिया हा असाच. त्याला सर्रास 'जनुक-संशोधित' म्हटलं जातं, ते चूक आहे, त्यात बाहेरचं कोणतंही जनुक घातलेलं नाही.

परजनुकी, म्हणजे बाहेरून जनुक घातलेला, मासा वेगळा. अ‍ॅक्वाअ‍ॅडव्हांटेज या अटलांटिक साल्मनमध्ये चिनूक साल्मनचं वाढ-संप्रेरकाचं जनुक आहे आणि ते चालू ठेवणारा भाग ओशन पाउट या माशाचा आहे. हा मासा अन्न म्हणून विकायला अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

जनुक संपादनात माशाचंच एखादं जनुक बंद करतात. जपानमध्ये २०२१ मध्ये असे दोन मासे बाजारात आले. रेड सी ब्रीममध्ये स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिनचं जनुक बंद केलं आहे. टायगर पफरमध्ये भूक आवरणाऱ्या लेप्टिन संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणाऱ्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक बंद केलं आहे. दोन्हींना 'लवकर वाढणारा मासा' म्हणता येईल, पण एकात बदल स्नायूत आहे आणि दुसऱ्यात भुकेत. खाद्याची चाचणी आखताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो, तो पुढे पायरी ६ मध्ये येईल.

शिवाय जनुक-संशोधित खाद्य हा वेगळाच प्रश्न. तिथे मासा साधाच असतो, बदल सोयाबीनमध्ये किंवा कॅमेलिनासारख्या तेलबियांत केलेला असतो. कॅमेलिनाच्या बियांत ईपीए आणि डीएचए ही एरवी माशांच्या तेलात मिळणारी मेदाम्लं तयार व्हावीत असा बदल करून ते तेल साल्मनला खाऊ घातलं गेलं आहे.

आता एका वाक्यात प्रश्न लिहा. 'जात ब ही जात अ पेक्षा लवकर वाढते का, आणि हा फरक दोन्ही खाद्यांवर सारखाच राहतो का?' या प्रश्नाला चार गट लागतात: जात अ आणि ब, प्रत्येकी जुन्या आणि नव्या खाद्यावर. 'जुनी जात जुन्या खाद्यावर, नवी जात नव्यावर' असे दोनच गट असतील तर चाचणी इथेच थांबवा. पुढची मेहनत फुकट जाईल.

## पायरी २: बरोबरीची पिल्लं मिळवा

परजनुकी माशाशी तुलनेसाठी सर्वांत चांगला जोडीदार म्हणजे त्याचंच सख्खं भावंड. ज्या नर किंवा मादीत घातलेल्या जनुकाची एकच प्रत आहे, तिचा साध्या माशाशी संकर केला की साधारण अर्ध्या पिल्लांत जनुक उतरतं आणि अर्ध्यांत नाही. पराचा छोटा तुकडा घेऊन पीसीआर चाचणीने, म्हणजे डीएनएतला ठरावीक भाग आहे का हे ओळखणाऱ्या चाचणीने, पिल्लं वेगळी करा. दुसऱ्या केंद्रातून आणलेली 'साधी' पिल्लं जोडीला लावली तर जनुकासोबत संपूर्ण वंशाचा फरक मोजला जातो. एकाच जोडीची पिल्लंही पुरत नाहीत. एखादं कुटुंब मुळातच चांगलं वाढणारं असू शकतं, म्हणून अनेक कुटुंबांतली पिल्लं समान प्रमाणात मिसळा.

मूळ वाणही नोंदवा. रेनबो ट्राउटच्या जंगली वाणात वाढ-संप्रेरकाचं जनुक घातल्यावर वजन साध्या माशांच्या १७ पटींच्या आसपास गेलं. पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या पाळीव वाणात मात्र त्याच जनुकाने फारच थोडा फरक पडला. म्हणजे 'जनुकामुळे इतके पट वाढ' हा आकडा मूळ वाण सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

मग तीन गोष्टी जुळवा.

गुणसूत्रांचे संच: वांझ करण्यासाठी मासे अनेकदा ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले केलेले असतात. ट्रिप्लॉइड साल्मनला हाडं नीट होण्यासाठी खाद्यात जास्त फॉस्फरस लागतो, मोतीबिंदू टाळायला हिस्टिडिन हे अमिनो आम्ल जास्त लागतं आणि कमी प्राणवायू व उष्ण पाणी त्याला कमी सोसतं. ट्रिप्लॉइड परजनुकी माशासमोर दोन संचांचा साधा मासा ठेवला तर मोजमाप कशाचं झालं हे सांगताच येणार नाही. दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या घ्या.

लिंग: तिलापियात नर माद्यांपेक्षा लवकर वाढतात. एका गटात नर जास्त आले तर 'जात' जिंकल्यासारखी दिसते.

वय की वजन: इथे बहुतेक जण अडखळतात. लवकर वाढणारी जात आणि सावकाश वाढणारी जात यांची पिल्लं एकाच वयाची घेतली तर सुरुवातीचं वजन वेगळं असतं, एकाच वजनाची घेतली तर वय वेगळं असतं. दोन्ही जुळणार नाही. खाद्याचा उपयोग कसा होतो हे पाहायचं असेल तर वजन जुळवा. अंड्यापासून विक्रीपर्यंतचा काळ पाहायचा असेल तर वय जुळवा. काय जुळवलं ते अहवालात स्पष्ट लिहा.

सावधान: वजन जुळवण्यासाठी लवकर वाढणाऱ्या पिल्लांना काही आठवडे उपाशी ठेवण्याची युक्ती करू नका. उपासानंतर भरपेट खाद्य मिळालं की मासे काही काळ नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाढतात आणि ती उसळी तुमच्या निकालात जातीच्या नावावर जमा होते. त्याऐवजी पैदास वेगवेगळ्या तारखांना करा.

## पायरी ३: खाद्य असं बनवा की फरक एकच राहील

दोन खाद्यांची तुलना करताना प्रथिनं आणि पचनीय ऊर्जा सारखी ठेवा आणि बदल एकाच घटकात करा. मासळीच्या कुटीच्या जागी सोयापेंड हा प्रश्न असेल तर बदल तेवढाच. त्यासोबत तेलही बदललं की प्रश्न दोन झाले.

फक्त प्रथिनांचा टक्का पाहून 'दोन्ही खाद्यं सारखी' म्हणणं पुरेसं नाही. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं सांगते. त्या आकड्यात मेथिओनिन किंवा लायसिन ही आवश्यक अमिनो आम्लं किती हे दिसत नाही, आणि सोयापेंडीत मेथिओनिन मासळीच्या कुटीपेक्षा कमी असतं. वनस्पतिजन्य घटकांतला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो, तो माशाच्या अंगी लागत नाही. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन-रोधक पचन अडवतात, म्हणून नीट भाजलेली किंवा उष्णता-प्रक्रिया झालेलीच पेंड घ्या. साल्मन आणि ट्राउट यांच्यात सोयापेंड जास्त झाली की आतड्याला सूज येते, तिलापिया आणि कार्प ती बरीच सोसतात. त्यामुळे एका माशावरचा निकाल दुसऱ्याला लावू नका.

लवकर वाढणारा मासा रोज जास्त मांस आणि जास्त हाड तयार करतो. सावकाश वाढणाऱ्या जातीला जेमतेम पुरेल असं खाद्य दोघांना दिलं तर चांगल्या जातीची वाढ खाद्यावर अडते आणि 'नव्या जातीत काही दम नाही' असा खोटा निकाल येतो. म्हणून दोन्ही खाद्यांपैकी एक तरी लवकर वाढणाऱ्या जातीच्या गरजेहून उदार असलंच पाहिजे.

जनुक-संशोधित सोयाबीनचं खाद्य तपासत असाल तर तुलनेचं सोयाबीन त्याच्या अगदी जवळच्या वाणाचं, तशाच शेतात पिकलेलं आणि तशीच प्रक्रिया केलेलं हवं. बाजारातलं कुठलंही साधं सोयाबीन घेतलं तर वाण, जमीन आणि भाजणी यांचा फरक जनुकाच्या माथी मारला जाईल.

संपूर्ण चाचणीचं खाद्य एकाच वेळी बनवा. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, नाहीतर तेल खवट होतं. दोन्ही खाद्यांची गोळी एकाच आकाराची, आणि तरंगणारी तर दोन्ही तरंगणारी. चुरा चाळून काढा.

तपासणी: खाद्य सुरू करण्याआधी प्रत्येक प्रकारच्या मिश्रणातून नमुना घेऊन आर्द्रता, प्रथिनं, मेद आणि राख यांचं विश्लेषण झालं आहे का? पोत्यावर छापलेला आकडा हा पुरावा नाही.

## पायरी ४: टाक्या मांडा आणि चिठ्ठ्या टाका

चार गटांना प्रत्येकी किमान तीन टाक्या, म्हणजे १२. जमलं तर प्रत्येकी चार, म्हणजे १६. एका टाकीत १०० मासे ठेवले म्हणून १०० निरीक्षणं होत नाहीत. त्या सर्वांचं पाणी, खाद्य आणि आजार एकच असतात, त्यामुळे टाकी हेच एक निरीक्षण. एका गटाला एकच मोठी टाकी देऊन शेकडो माशांवर सांख्यिकी चालवणं, ही छापील लेखांतही दिसणारी चूक आहे.

कोणत्या टाकीत कोणता गट हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दाराजवळच्या टाक्यांत वर्दळ जास्त असते, पाणी पहिल्यांदा मिळणाऱ्या टाक्यांत प्राणवायू जास्त असतो. सोयीसाठी एक जात एका रांगेत ठेवली की हे सगळं जातीत मिसळतं.

दोन्ही जाती खुणा करून एकाच टाकीत ठेवाव्यात का? पाणी तंतोतंत सारखं मिळतं, हा फायदा खरा. पण आक्रमक जात खाद्य हिसकावते आणि कुणी किती खाल्लं हे वेगळं मोजता येत नाही. खाद्याचा प्रश्न असेल तर टाक्या वेगळ्याच ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. विरघळलेला प्राणवायू उष्ण पाण्यातल्या माशांसाठी दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, थंड पाण्यातल्या साल्मन-ट्राउटसाठी त्याहून वर ठेवा. तो बाहेर जाणाऱ्या पाण्यात मोजा, खाऊ घातल्यानंतर मोजा आणि तळ्यात असाल तर पहाटे मोजा. लवकर वाढणारे परजनुकी मासे प्राणवायू जास्त वापरतात, त्यामुळे त्यांच्याच टाक्यांत तो आधी कमी पडतो. सामू (पीएच) आणि तापमान वाढलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणून तिन्ही आकडे एकाच वेळी नोंदवा.

## पायरी ५: रुळू द्या

सर्व माशांना दोन आठवडे एकच समान खाद्य द्या. वाहतुकीच्या ताणाने होणारी मर याच काळात उरकते आणि मेलेल्या माशांची भरपाई करण्याची मुभाही याच काळापुरती. चाचणीचा पहिला दिवस उजाडल्यावर एकही मासा बदलायचा नाही.

## पायरी ६: खाऊ घालणं

सर्वांत जास्त चाचण्या इथे बिघडतात, म्हणून इथे घाई करू नका.

वजनाच्या ठरावीक टक्क्याने खाद्य देण्याची पद्धत सोपी असल्याने सर्वत्र चालते. तिचा सापळा आकड्यांत पाहा. ३० मासे, प्रत्येकी २० ग्रॅम, म्हणजे टाकीत ६०० ग्रॅम. ४ टक्क्यांनी रोज २४ ग्रॅम खाद्य ठरलं आणि १४ दिवस तेच चालू ठेवलं. सावकाश जात रोज २.३ टक्के वाढत असेल तर १४ दिवसांनी तिचा मासा साधारण २७.६ ग्रॅमचा होतो आणि त्याच २४ ग्रॅममध्ये तिला वजनाच्या २.९ टक्के खाद्य मिळतं. लवकर वाढणारी जात रोज ३.५ टक्के वाढत असेल तर तिचा मासा ३२.६ ग्रॅमच्या आसपास जातो आणि तिला मिळतं जेमतेम २.५ टक्के. कुणी ठरवून केलेलं नसतं, पण चांगली जात अर्धपोटी राहते आणि फरक दबला जातो. ही पद्धत वापरायचीच असेल तर दर आठवड्याला टाकीनिहाय वजन घेऊन खाद्य बदला.

दुसरी पद्धत पोटभर खाऊ घालण्याची. मासे खाणं सोडेपर्यंत थोडं थोडं टाकायचं, दिवसातून त्याच वेळांना. अर्ध्या तासाने उरलेल्या गोळ्या काढून मोजायच्या. पाण्यात भिजल्यावर गोळीचा किती भाग विरघळून जातो हे मासे नसलेल्या टाकीत आधी तपासून ठेवा, नाहीतर 'खाल्लेलं खाद्य' चुकीचं निघेल.

तिसरी, जोडीने मोजून खाऊ घालण्याची: सावकाश जातीने काल पोटभर जेवढं खाल्लं तेवढंच आज लवकर वाढणाऱ्या जातीला. ही अधिकची टाकी ठेवायला लोक कंटाळतात, पण खरं उत्तर तिथेच असतं. पोटभर मिळाल्यावर जात पुढे आणि मोजून मिळाल्यावर फरक नाही, तर तिचा फायदा भुकेत आहे. मोजूनही पुढे असेल तर ती खाद्याचा उपयोगच चांगला करते. वर उल्लेख केलेल्या पफर आणि सी ब्रीमसारखे मासे वेगळे ओळखायला हीच पद्धत लागते.

सावधान: खाऊ घालणाऱ्याला कोणत्या टाकीत कोणती जात हे माहीत नसावं. माहीत असलं की 'चांगल्या' माशांसमोर माणूस नकळत जास्त वेळ थांबतो. टाक्यांवर फक्त क्रमांक लिहा.

## पायरी ७: वजन घ्या

१. वजनाआधी २४ तास उपास. पोटात खाद्य असलेला मासा वाढलेला दिसतो.

२. भूल देऊन वजन घ्या. मात्रा आधी दोन-चार माशांवर तपासा, कारण जात, आकार आणि पाण्याच्या तापमानानुसार ती बदलते.

३. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक माशाचं स्वतंत्र वजन व लांबी. मधल्या काळात टाकीचं एकत्र वजन पुरे. जाळीतलं पाणी दरवेळी सारखाच वेळ निथळू द्या.

४. मेलेला मासा त्याच दिवशी तोलून तारखेसह लिहा.

चाचणी किमान ८ ते १२ आठवडे चालवा आणि वजन निदान तिप्पट होऊ द्या. तीन आठवड्यांत दिसणारा फरक बऱ्याचदा आधीच्या खाद्याचा असतो, या खाद्याचा नव्हे.

## पायरी ८: हिशेब

एकच माप घेऊन निकाल लावू नका. समजा जात अ ६० दिवसांत २० वरून ८० ग्रॅमवर गेली आणि जात ब ४० वरून १२० वर, पाणी दोघांनाही २८ अंश सेल्सिअस.

वजनवाढ पाहिली तर अ ६० ग्रॅम, ब ८० ग्रॅम. ब जिंकली.

विशिष्ट वाढदर पाहा, म्हणजे शेवटच्या आणि सुरुवातीच्या वजनांच्या नैसर्गिक लॉगरिदममधला फरक भागिले दिवस, गुणिले १००. अ चा २.३१, ब चा १.८३. आता अ जिंकली. लहान मासा टक्क्यांत नेहमीच जास्त वाढतो, त्याचा हा परिणाम.

तापमान-वाढ गुणांक काढा, म्हणजे वजनांच्या घनमुळांतला फरक भागिले तापमान-दिवसांची बेरीज (रोजच्या तापमानांची बेरीज), गुणिले १०००. अ चा ०.९५, ब चा ०.९०. फरक जवळजवळ उरलाच नाही. सुरुवातीचं वजन वेगळं असेल तर या तिसऱ्या मापावर भर द्या, मात्र पाणी त्या माशाला मानवणाऱ्या तापमानातच असायला हवं.

खाद्य रूपांतर गुणोत्तर, म्हणजे खाल्लेलं खाद्य भागिले वजनवाढ, काढताना खाल्लेलं खाद्य कोरड्या वजनात धरा. एका खाद्यात ६ टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के पाणी असेल तर तेवढ्यानेच गुणोत्तर बिघडतं. मेलेल्या माशांनी मरण्यापूर्वी वाढवलेलं वजन धरून एक गुणोत्तर आणि न धरता दुसरं, अशी दोन्ही द्या.

## पायरी ९: निकाल वाचताना आधी परस्परक्रिया

दुहेरी विचरण विश्लेषण (दोन घटकांचे परिणाम एकत्र तपासणारी सांख्यिकी चाचणी) केलं की लोक आधी जातीचा परिणाम पाहतात. आधी जात आणि खाद्य यांची परस्परक्रिया पाहा, म्हणजे जातींतला फरक खाद्यानुसार बदलतो का ते. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. साध्या खाद्यावर जात अ ६० ग्रॅम आणि ब ६२ ग्रॅम वाढली, समृद्ध खाद्यावर अ ६६ आणि ब ९५. सरासरी काढली तर ब ही १५.५ ग्रॅमने पुढे. पण साध्या खाद्यावर ती फक्त २ ग्रॅमने पुढे आहे आणि समृद्ध खाद्यावर २९ ग्रॅमने. १५.५ हा आकडा कोणत्याही टाकीत घडलेलाच नाही. परस्परक्रिया ठळक असेल तर प्रत्येक खाद्याचा निकाल स्वतंत्र सांगा.

उलट दिशेनेही हे घडतं. संपूर्ण वनस्पतिजन्य खाद्यावर पिढ्यान्पिढ्या निवडलेले रेनबो ट्राउट त्या खाद्यावर उत्तम वाढतात, तर न निवडलेले मागे पडतात. न निवडलेल्या माशांवर चाचणी घेऊन 'हे खाद्य वाईट' असा शिक्का मारणं म्हणूनच घाईचं.

तपासणी: वाढ म्हणजे मांसच का? प्रत्येक टाकीतून काही मासे घेऊन यकृताचं वजन, आतड्याभोवतीची चरबी आणि शरीरातलं प्रथिन व मेद मोजा. पाठीचा कणा वाकडा आहे का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हेही पाहा. लवकर वाढून मणके बिघडले असतील तर खाद्यातला फॉस्फरस पुन्हा तपासा, जातीला दोष देण्याआधी.

तपासणी: जगण्याचं प्रमाण किती? ज्या टाकीत बारकी पिल्लं मेली, तिची सरासरी आपोआप वर जाते. माशांच्या वजनातली तफावतही द्या, कारण सरासरी चांगली असूनही टाकीत दोन-चार दांडगे आणि बाकी खुरटलेले असू शकतात.

## पायरी १०: मासे, पाणी आणि नमुने

जनुक-संशोधित मासे जास्त मात्रेच्या भुलीने मारा, मेल्याची खात्री करा, मोजून सुरुवातीच्या संख्येशी ताळा करा आणि परवानगीत लिहिलेल्या पद्धतीनेच नष्ट करा. सुरुवातीची संख्या वजा नोंदलेली मर वजा घेतलेले नमुने, आणि हाती आलेले मासे, यांत एकाचाही फरक पडला तर टाकी उपसण्याआधी जाळ्या आणि गाळ तपासा.

प्रत्येक खाद्याचा किलोभर नमुना आणि प्रत्येक कुटुंबाच्या पराचे तुकडे गोठवून ठेवा. निकालावर कुणी शंका घेतली तर नव्याने विश्लेषण करायला हेच उपयोगी पडतं.